मथुरेला गेलेल्या चिठ्ठ्या

बॅप्टिस्टला इंग्रजी येत नव्हतं आणि ते त्याने कधी लपवलं नाही. वसईजवळच्या गिरीजच्या मराठी शाळेत तो चौथीपर्यंत शिकला. पाचवीच्या आधीच्या सुट्टीत वडिलांनी त्याला नागवेलीच्या वाडीत पाणी फिरवायला उभं केलं आणि ती सुट्टी पुढे कधी संपलीच नाही. हिंदी मात्र त्याला चांगलं येत होतं. वाडीतलं खायचं पान करंडे भरून रेल्वेने मथुरेला जायचं. वर्षा-दोन वर्षांनी तो स्वतः पानाबरोबर जायचा, आडतीवर आठ-दहा दिवस राहायचा, तिथल्या लोकांत उठायचा-बसायचा. अक्षर आपलंच, त्यामुळे हिंदी वाचायलाही अडचण नव्हती. पण या हिंदीचा घरात कोणाला काही उपयोग होईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरात शिकलेली होती ती त्याची बायको क्लेमेंटीन. सातवी पास होऊन सोळाव्या वर्षी ती या घरात आली. लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी लिली शाळेत जायला लागली, तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "अहो, मी बाहेरून एस.एस.सी.ला बसू का?"

बॅप्टिस्ट रहाटाला तेल घालत होता. तो म्हणाला, "बस की. त्यात मला काय विचारायचं?"

त्याला वाटलं होतं, फॉर्म भरायचा आणि जाऊन बसायचं. पुढची दोन वर्षं त्याने पाहिलं की चुलीवर भात चढवून ही भूमिती करते, वाडीतल्या बावखलावर, त्या छोट्या तळ्यावर, धुणं धुताना इतिहासातली सालं म्हणते. १९५१च्या जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास. पास व्हायला पस्तीस लागत होते, मिळाले सव्वीस.

तिचं स्वप्न काही फार मोठं नव्हतं. गावातल्या मुलींच्या शाळेत खालच्या वर्गाला शिकवायचं, एवढंच. रविवारी देवळात मिस्सा झाल्यावर लहान मुलांना धर्मशिक्षण ती फुकट शिकवायचीच. शाळेच्या मदर ते बघायच्या. निकाल घेऊन ती मदरकडे गेली तेव्हा मदर म्हणाल्या, "क्लेमेंटीन, जागा तुझीच आहे. पण इंग्रजीशिवाय माझे हात बांधलेले. पुढच्या जूनपर्यंत मी कशीतरी ओढते. त्यापुढे मला दुसरी कोणी बघावी लागेल."

घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं. रडली नाही. फक्त म्हणाली, "शब्द सगळे येतात हो मला. पण त्यांचे ते वाक्प्रचार असतात, इडियम म्हणतात. त्यात शब्द सगळे ओळखीचे, आणि अर्थ भलताच. बारा मार्कांचा प्रश्न होता. मी पान कोरं ठेवलं."

बॅप्टिस्टने ते बारा मार्क डोक्यात ठेवले.

दिवाळीच्या सुमाराला तो पानाबरोबर मथुरेला गेला. आडतीवर रामस्नेही नावाचे मुनीम होते, साठीचे, कपाळाला गंध, बोलायला गोड. त्यांच्याजवळ त्याने गोष्ट काढली. मुनीमजी म्हणाले, "अरे, अंग्रेज़ी मुहावरे? हमारे भतीजे की किताब पड़ी है घर में." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक आणलं. पिवळी पडलेली पानं, कोपरे गेलेले. डाव्या बाजूला इंग्रजी वाक्प्रचार, उजव्या बाजूला त्याचा हिंदी अर्थ. एकूण चारशे बारा. बॅप्टिस्टने पुस्तक उघडलं आणि त्याला मोठी गंमत वाटली. डावीकडचं त्याला एक अक्षर कळत नव्हतं. उजवीकडचं सगळं कळत होतं.

"जनवरी में लौटा देना," मुनीमजी म्हणाले. "लड़के का भी इम्तिहान है."

गावात ते पुस्तक पाहून सगळ्यांत जास्त हसला तो बॅप्टिस्टचा धाकटा भाऊ फर्डिनंड. तो मुंबईला एका कंपनीच्या कचेरीत कारकून होता, दर शनिवारी घरी यायचा. कडक कॉलरचा शर्ट घालून पडवीत बसायचा आणि सगळ्यांना शिकवायचा.

"वहिनी, इंग्रजी शिकायचं ते इंग्रजीतून," तो म्हणाला. "हे काय, मथुरेहून फिरून वसईला यायचं! आणि शिकवणार कोण? आमचा दादा, चौथी पास!"

"मी कुठे शिकवतो? मी विचारतो," बॅप्टिस्ट म्हणाला.

"मग तू विचार, आणि मथुरेचा मुनीम पेपर तपासेल."

क्लेमेंटीन म्हणाली, "भाऊजी, हसायचं तेवढं हसा, पण कचेरीतून कोरे कागद तेवढे आणा." तो हसत हसत घेऊनही आला. मनाने वाईट नव्हता.

पुस्तक परत जायचं होतं म्हणून तिने ते चारशे बारा वाक्प्रचार चिठ्ठ्यांवर उतरवले. चिठ्ठी पानाच्या देठाच्या लांबीएवढी रुंद. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कोपऱ्यात नंबर. ख्रिसमसची करंजी तळतानासुद्धा शेजारी कागद होता. जानेवारीत पुस्तक पानाच्या करंड्यात घालून परत गेलं, वर तिची दोन ओळींची आभाराची चिठ्ठी. चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिल्या.

आणि मग शिकणं सुरू झालं ते पानं लावताना. पानं खुडून आणली की पडवीत गोणपाट अंथरायचं. मधे ओल्या पानांची रास. डाग पडलेलं, फाटलेलं बाजूला टाकायचं, चांगलं पान पानावर ठेवत जायचं, देठ एका बाजूला. शंभर झाली की गड्डी बांधायची आणि ओल्या फडक्याखाली ठेवायची. संध्याकाळी गड्ड्या केळीच्या पानांत लपेटून करंड्यात भरायच्या. क्लेमेंटीन, बॅप्टिस्ट आणि शेजारची हंसा असे तिघे बसायचे. हात चालू असतात, तोंड मोकळं असतं.

बॅप्टिस्ट डब्यातून चिठ्ठी काढायचा आणि हिंदी बाजू वाचायचा. "दाल में कुछ काला नज़र आना."

"टू स्मेल अ रॅट."

तिचं बरोबर आलं की चिठ्ठी डब्यात. आलं नाही की ती हात फडक्याला पुसायची, चिठ्ठी उलटायची आणि इंग्रजी मोठ्याने म्हणायची, एकदा नाही, तीनदा. वर स्वतःवरच चिडून म्हणायची, "मेलं, हे परत चुकलं!" आणि ती चुकलेली चिठ्ठी हातातल्या गड्डीच्या वर ठेवायची. संध्याकाळी करंडे भरताना एकेक गड्डी हातात आली की वरची चिठ्ठी पुन्हा विचारायची. आली तर डब्यात. नाही आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. अशी ती पद्धत ठरली. कोणी ठरवली नाही, ठरत गेली.

हंसाला फार मजा वाटायची. "बॅप्टिस्टभाऊ, उंदराचा वास आला तर मांजर आनायची. त्याला परीक्षा कशाला?"

"हंसाबाय, तू पानं मोज. परवा तुझी गड्डी एक्याण्णवची निघाली."

"मग तुमच्या विंग्रजीनेच गनती चुकते ना!"

मार्च लागेपर्यंत डबा जवळजवळ भरला. गड्ड्यांवर राहणाऱ्या चिठ्ठ्या शंभरावरून चाळीसच्या आत आल्या. त्या मात्र हटेनात. रोज त्याच चिठ्ठ्या, रोज तेच "मेलं." बॅप्टिस्ट बायकोकडे बघायचा. पदर खोचलेला, लाल लुगड्यावर पानांचा हिरवा रस, आणि तोंडात साहेबाची भाषा. वाडीवर काम करणाऱ्या माणसाने बायकोचं कौतुक तोंडाने करायची पद्धत नव्हती. तो नुसता पुढची चिठ्ठी काढायचा.

परीक्षेला अकरा दिवस राहिले असताना ती दुपारी मदरकडे गेली. परीक्षेचं प्रवेशपत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं. सांगून गेली, "मी येते तासाभरात, मग करंडे भरू." ती गेली आणि पीटर गाडी घेऊन दारात. पीटर बैलगाडीने सगळ्यांचे करंडे वसई रोडला नेऊन घालायचा.

"बॅप्टिस्ट, चल, भर लवकर! मला पापडीला बाप्तिस्म्याला जायचंय. बहिनीचा पोरगा. मी मानलेला बाप आहे त्याचा, माझ्याशिवाय पानी पडनार नाय त्याच्या डोक्यावर!"

"अरे, ती येऊ दे."

"ती येईल तोवर पोरगा मिशीला येईल!"

बॅप्टिस्ट आणि हंसाने भराभर गड्ड्या उचलल्या, केळीची पानं लपेटली, करंडे भरले, तोंडं शिवली. ऊन तापलं होतं, पान मलूल व्हायच्या आत निघायला हवं होतं. पीटरने बैल हाकले. गाडी रस्त्याला लागली आणि बॅप्टिस्ट हात धुवायला वळला. रिकाम्या गोणपाटाशेजारी बिस्किटांचा डबा होता. त्याने तो उचलला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आज करंडे भरताना कोणी काही विचारलं नव्हतं.

तो रस्त्यापर्यंत पळत गेला. पार वळणापर्यंत गेला. गाडीचा आवाजसुद्धा येत नव्हता.

क्लेमेंटीन आली ती प्रवेशपत्र छातीशी धरून. नवरा पडवीच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेला.

"सब कुछ सच-सच मान लेना," तो म्हणाला.

ती लगेच म्हणाली, "टू मेक अ क्लीन ब्रेस्ट ऑफ इट. हा तर पाठ आहे मला."

"म्हणून विचारला. क्लेमा, चुकलेल्या चिठ्ठ्या पानाबरोबर गेल्या. मी भरल्या. हंसाचा काही दोष नाही, मीच घाई केली."

तिने प्रवेशपत्र बाजूला ठेवलं. डबा घेऊन खाली बसली, चिठ्ठ्या नंबराने लावल्या. सदतीस नंबर नव्हते. कुठले नंबर नाहीत ते कळत होतं, त्यावर काय लिहिलं होतं ते कळत नव्हतं. येत असतं तर त्या चिठ्ठ्या डब्यात नसत्या का?

"येणाऱ्या सगळ्या राहिल्या," ती म्हणाली. "न येणाऱ्या तेवढ्या गेल्या." आणि उठून चुलीकडे गेली.

ती भांडली असती तर बॅप्टिस्टला बरं वाटलं असतं. त्याने तिथल्या तिथे मुनीमजींना पत्र लिहिलं आणि टपालात टाकून आला. पण जायला सहा दिवस, यायला सहा दिवस, आणि करंडे उघडणारे हमाल चिठ्ठ्या पाल्याबरोबर फेकतील की ठेवतील हे कोणी सांगावं? त्या दिवशी शनिवार होता. फर्डिनंड आला. त्याने सगळं ऐकलं आणि त्याला राहवलं नाही. "चला! आता मथुरेचे पानवाले साहेबाचं इंग्रजी बोलणार. अँड मथुराज गेन इज वसईज लॉस!"

कोणी हसलं नाही. त्याने कॉलरचं बटण सोडलं. जरा वेळाने म्हणाला, "वहिनी, मी सोमवारी दुकानांत बघतो. पण ती इंग्रजी-इंग्रजी जाडी पुस्तकं. हजारो असतात त्यांत. तुझे सदतीस त्यांतले कुठले, हे कळणार कसं?"

दिवेलागणीला घरात रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायची. मूर्तींच्या आल्तारसमोर चौघे गुडघ्यावर बसले. या घरात वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली रीत होती. नमो मरियेचा पहिला अर्धा भाग घरच्या कर्त्याने म्हणायचा, उरलेला अर्धा बाकीच्यांनी. एक मणी, अर्धं त्याचं, अर्धं त्यांचं. बॅप्टिस्टने सुरुवात केली. त्याने अर्धं म्हटलं आणि थांबला. क्लेमेंटीनचा आवाज आला नाही. ती मणी बोटांत धरून बसली होती. लिली आईकडे बघत राहिली. फर्डिनंड मुंबईच्या सवयीने पुटपुटला, तेही अर्धवट. तेव्हा बॅप्टिस्टने पुढचं अर्धंही स्वतःच म्हटलं. दुसऱ्या मण्यालाही. तिसऱ्यालाही.

पाचव्या मण्याला तो मधेच थांबला.

बायकोचं अर्धं त्याने जन्मात कधी पाठ केलं नव्हतं. ते त्याला येत होतं, कारण ते तो रोज ऐकत होता.

"क्लेमा," तो म्हणाला, "कागद घे."

"रोझरी पुरी होऊ दे आधी."

"अगं, पण..."

"देवमातेला मधे उभं ठेवायचं का?"

मग उरलेली रोझरी बॅप्टिस्टने अशी पळवली की फर्डिनंडचाही श्वास पुरेना. शेवटचा क्रूस करून तो पडवीत आला आणि गोणपाटावर बसला, जिथे रोज बसायचा तिथेच. त्याला तिथेच आठवणार होतं. क्लेमेंटीन वही घेऊन समोर बसली. तिला अजून कळलं नव्हतं काय चाललंय.

बॅप्टिस्टने डोळे मिटले. रिकामे हात पानं लावल्यासारखे हलवू लागला.

"कोई कसर न उठा रखना," तो म्हणाला. आणि मग तिच्या आवाजाच्या सुरात, जरा वरच्या पट्टीत, "टू लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड. टू लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड. टू लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड. मेलं, हे परत चुकलं!"

फर्डिनंड खांबाला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

"लिही की," बॅप्टिस्ट डोळे न उघडता म्हणाला. "दिन दूना रात चौगुना बढ़ना. बाय लीप्स अँड बाउंड्स."

ती लिहू लागली. तो म्हणत गेला. मधे अडायचा, मग हात हलवायचा, एक पान ठेवल्यासारखं, दुसरं ठेवल्यासारखं, आणि पुढचं यायचं. "सुख-दुख में साथ न छोड़ना." "पीठ दिखाकर भाग जाना." "नाक रगड़कर माफ़ी माँगना." प्रत्येकाच्या मागे तिचं इंग्रजी, तिच्याच ठेक्यात. तिचा तो सूर त्याच्या कानात असा काही बसला होता की पुढे घरात म्हणणारं कोणी उरलं नाही तेव्हाही तो त्याला ऐकू येत राहिला. पण तेव्हा, त्या संध्याकाळी, ती समोर बसून लिहीत होती.

लिहिता लिहिता तिचा हात थांबला. "अहो, तुम्हाला किती येतात?"

"तुला न येणारे सगळे," तो म्हणाला. "जे तुला आले ते मी एकदा ऐकले आणि विसरलो. न येणारे रोज ऐकले."

फर्डिनंड जवळ येऊन बसला. "दादा, तू जे बोलतोस त्याचा अर्थ ठाऊक आहे तुला?"

"हिंदीत ठाऊक आहे."

"उच्चार बरोबर आहेत तुझे," फर्डिनंड म्हणाला. ते म्हणताना त्याला त्रास झाला असावा, कारण त्याने लगेच पाणी मागितलं.

एकतीस झाले. मग काही केल्या पुढचं येईना. बॅप्टिस्टने हात हलवून पाहिले, पडवीत चालून पाहिलं, हंसाला हाक मारून तिला समोर बसवून पाहिलं. हंसा म्हणाली, "मला तो उंदीर आठवतो फक्त." पण उंदीर डब्यात होता. सहा राहिले ते राहिले.

"एकतीस पुष्कळ झाले," क्लेमेंटीन म्हणाली. वही मिटून तिने ती कपाळाला लावली, मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "सकाळपासून मीच विचारणार तुम्हाला. तुम्ही म्हणा, मी ऐकते. मला ऐकूनच येईल असं दिसतंय."

ते पुढचे दिवस पडवीत उलटं चाललं. ती हिंदी म्हणायची, तो इंग्रजी. चार दिवसांत तिचे एकतीसही पक्के झाले. पीटर करंडे न्यायला आला की दारातूनच ओरडायचा, "काय साहेब, गाडी लावू का?" पीटरने ही गोष्ट पापडीपासून नंदाखालपर्यंत सांगितली, आणि प्रत्येक ठिकाणी थोडी वाढवली. बॅप्टिस्टला त्याचा राग यायचा, आणि रात्री जेवताना आठवून हसूही यायचं.

परीक्षेहून ती आली तेव्हा तो बावखलाच्या काठावर उभा होता. काम काही नव्हतं तिथे.

"सहा विचारले," ती म्हणाली. "पाच लिहिले. एक तुम्हाला न आठवलेल्यांतला होता. इंग्रजी समोर होतं, अर्थ आठवेना. कोरं ठेवलं."

"कुठला?"

"आता काय उपयोग? ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स."

दुसऱ्याच दिवशी मथुरेहून जाड पाकीट आलं. आत सगळ्या सदतीस चिठ्ठ्या होत्या, पानाच्या वासाच्या, कडा ओल्या होऊन सुकलेल्या. बॅप्टिस्टचं पत्र पोचायच्या आधीच मुनीमजींनी लिहिलं होतं की हमालांना वाटलं या मालाच्या मोजणीच्या चिठ्ठ्या, म्हणून त्यांनी नीट गोळा करून गादीवर आणून ठेवल्या. मी बघतो तो माझ्याच पुतण्याचं पुस्तक. पण चारशेतले हेच सदतीस का धाडलेत ते मला कळलं नाही. बहूजींना न येणारे असतील तर काळजी नसावी, माझ्या पुतण्यालाही यातले तीस येत नाहीत.

बॅप्टिस्टने ती एक चिठ्ठी शोधून काढली. तिला विचारून काढली, कारण इंग्रजी बाजू त्याला वाचता येत नव्हती. मागे हिंदी होतं, "तितर-बितर, अस्त-व्यस्त." तो ती कितीतरी वेळ हातात धरून बसला. दोन मार्क. गेल्या वर्षी नऊ कमी पडले होते. या वर्षी जर दोनच कमी पडले, तर ते दोन आपल्या कानाचे.

एप्रिल गेला, मे गेला. ईस्टर झाला, आंबे आले. तो कोणाला काही बोलला नाही. फक्त वाडीत पाणी फिरवताना तो स्वतःशी काहीतरी पुटपुटतो, एवढं हंसाने पाहिलं होतं.

जूनमध्ये निकालाचा पेपर फर्डिनंड घेऊन आला, मधल्या वारी, रजा टाकून. दारातूनच म्हणाला, "दादा, बस आधी." बॅप्टिस्ट बसला नाही. फर्डिनंडने पेपर उलगडला आणि नंबरावर बोट ठेवलं. आकडे बॅप्टिस्टला इंग्रजीही वाचता येत होते. ते करंड्यावर लिहिलेले असतात. त्याने प्रवेशपत्राशी एकेक आकडा लावून पाहिला. मग पुन्हा शेवटून पहिल्याकडे लावून पाहिला.

"दादा," फर्डिनंड म्हणाला, "मी त्या दिवशी जे बोललो ना, मुनीम पेपर तपासेल वगैरे..."

"नाक रगड़कर माफ़ी माँगना," बॅप्टिस्ट म्हणाला.

फर्डिनंड हसला. "टू ईट हम्बल पाय. खाल्लं. चल, वहिनीला हाक मार."

मार्कांचा कागद मागाहून आला. इंग्रजीत चव्वेचाळीस. तो घेऊन ती मदरकडे निघाली, तेव्हा बॅप्टिस्टही निघाला. शाळेसाठी केळीचा घड द्यायचाय असं त्याने कारण सांगितलं. घड खरंच घेतला होता, खांद्यावर. पायाला वाडीचा चिखल होता म्हणून तो कचेरीच्या दाराबाहेरच उभा राहिला.

मदरनी कागद पाहिला. मग जुना कागद काढून त्याच्याशेजारी ठेवला. "सव्वीस होते," त्या म्हणाल्या. "शिकवणी कोणाची लावली होतीस?"

"यांची," क्लेमेंटीन म्हणाली आणि दाराकडे बोट केलं.

मदरनी चष्मा वर केला. दारात केळीचा घड, त्याच्यामागे माणूस. "बॅप्टिस्ट? किती शिकलास रे तू?"

"चौथी, मदर."

"मग हिला इंग्रजी तू शिकवलंस?"

बॅप्टिस्टने घड खाली ठेवला. उत्तर त्याने आधी तयार केलं नव्हतं, पण ते तयारच होतं.

"शिकवलं नाही, मदर. अर्धं मी म्हणायचो, अर्धं ही."

मदरनी चष्मा खाली घेतला. मग त्यांनी खण उघडून वर्गाची हजेरीची वही काढली आणि क्लेमेंटीनच्या हातात दिली. "सोमवारी साडेदहाला. पहिली ब."

घरी येताना ती पुढे चालत होती, हजेरीची वही छातीशी धरून, परीक्षेचं प्रवेशपत्र धरलं होतं तशी. बॅप्टिस्ट मागे. केळीच्या वाड्यांमधली वाट अरुंद होती, दोघांना शेजारी चालता येत नव्हतं. बरं झालं. तिला असं मागून, सावकाश, कोणी बघत नसताना बघायला मिळत होतं.

वळणावर ती न वळता म्हणाली, "तितर-बितर, अस्त-व्यस्त."

"ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स," बॅप्टिस्ट म्हणाला. तीन महिने रोज वाडीत म्हणत होता तो. तीनदा म्हटलं, तिच्यासारखं. आणि शेवटी, राहिलेलं, तेही म्हटलं.

"मेलं!"